कापडाचं रेडकू

आमच्या घरचा चहा काळा असायचा. गुळाचा, गवती चहाची पात घातलेला, पण दुधाचा एक थेंब नसलेला. मराठवाड्याच्या खेड्यात पाहुण्यापुढे असला चहा ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ असं तोंडावर सांगणंच. नवा माणूस आधी कपात बघायचा, मग माझ्याकडे, मग गोठ्याकडे. गोठ्यात तर चांगली काळीभोर म्हैस रवंथ करत बसलेली. “दूध नासलं का वैनी?” असं कुणी विचारलं की मी सांगायची, नासलं नाही, आम्ही दूध घेतच नाही. माणूस हमखास हसायचा. त्या हसण्याचा मला फार राग यायचा. आता येत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

ही गोष्ट वालूरपासून दोनेक कोसांवरच्या गावातली, ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. घरात सासरे, मी आणि माझी तान्ही मुलगी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा परभणीला कालव्याच्या कचेरीत कारकून, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. दूध-दही-तूप सोडलं ते मामांनी आणि मी. नवऱ्यानं सोडलं नाही, आम्हीही त्याला कधी म्हटलं नाही. तो परभणीत हॉटेलात दुधाचा चहा पिऊन यायचा आणि ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा मुद्दाम तोंड पुसत घरात शिरायचा. मामा मिशीत हसायचे.

दूध नाही तर तुम्ही खाता तरी काय, ही फिकीर लोकांनाच जास्त. अहो, परभणीच्या काळ्या मातीत खायला काय कमी आहे? ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, कारळाची चटणी, करडईच्या तेलाची धार. अंबाडीच्या भाजीत कण्या आणि वरून लसणाची फोडणी. शेंगदाण्याची आमटी तर अशी दाट व्हायची की साय खाणाऱ्यानं बोटं चाटावीत. धपाट्यांबरोबर दही नसलं की जीव तळमळतो म्हणतात, तर दाणे आणि हिरव्या मिरच्या पाण्यात वाटून मी त्याचं जे काही करायची, ते खायला हसणारी माणसंच पुन्हा यायची. आणि सणाला खीर. माझं माहेर लातूरकडचं, तिथे करडईच्या दुधात गव्हाची खीर करतात. करडई भिजवायची, पाट्यावर वाटायची, धुवट फडक्यात घालून पिळायची. पांढरंशुभ्र दूध निघतं. ज्या झाडाला हात लावला तर काटे रुततात, जनावर ज्याच्या वाऱ्याला उभं राहत नाही, त्याच्या बीमध्ये हे पांढरं दूध भरलेलं असतं. मी ते लहानपणापासून बघत आले होते, पण दूध सोडलं त्या वर्षी पहिल्यांदा फडकं पिळता पिळता हात थांबला आणि मी नुसती बघत राहिले. जमीन काय काय देते आणि आपण किती थोडं ओळखतो, असं वाटून गेलं.

कातड्याचंही तेच. मामांच्या पायात दणकट कातडी वहाणा असायच्या, वाजायच्या. मामा गल्लीच्या तोंडाशी आले की घरात कळायचं. त्या त्यांनी काढल्या आणि सेलूच्या बाजारातून ट्रकच्या जुन्या टायरच्या चपला आणल्या. उन्हाळ्यात त्या अशा तापायच्या की मामा बांधावर उभे राहून एकेक पाय उचलायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा कातडी पट्टा गेला, तिथे अंबाडीचा दोर आला. पावसाळ्यात जिची भाजी खायची, तिच्याच सालीचा वाक काढून हा दोर वळायचा. पोखर्णीच्या नरसिंहाला आम्ही नारळ आणि गूळ घेऊन जायचो, देवानं कधी तक्रार केली नाही.

पुढे शहरात शिकणाऱ्या भाचरांनी मला या सगळ्यासाठी एक शब्द सांगितला, व्हीगन. म्हणे परदेशात लोक असं ठरवून राहतात. राहत असतील. आम्ही काही ठरवलं नव्हतं, आणि आम्ही कुणी साधुसंतही नव्हतो. मामा तर तरुणपणी तालमीत गेलेले, दुधावर पोसलेले. पंगतीत तूप वाढणारा त्यांच्या पानापाशी थकायचा. रोज दिवेलागणीला तांब्याभर दूध, तेही म्हशीच्या अंगाच्या ऊबेचं. अशा माणसानं दूध सोडलं याचं गावाला जेवढं नवल, तेवढंच मलाही. फरक एवढाच की ते का सोडलं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुलगी सहा-सात महिन्यांची असताना मला मुदतीचा ताप आला. तो उतरेपर्यंत अंगावरचं दूध पार आटलं. उठून बसले तेव्हा हातापायांच्या काड्या झालेल्या आणि लेक भुकेनं रडून रडून आवाज बसलेली. सेलूच्या डॉक्टरांनी पावडरच्या दुधाचा डबा दिला, त्यानं तिला जुलाब लागले. शेजारच्या गाईचं दिलं, ओकली. शेळीचं तोंडातच घेईना. शेवटी मामांनी आमच्या म्हशीचं दूध पाणी घालून उकळलं, बोंडल्यानं पाजलं, आणि ते तिच्या पोटात राहिलं. का राहिलं, देव जाणे. म्हशीचं दूध जड असतं हे सगळे सांगत होते, पण त्या पोटाला तेच मानवलं. डॉक्टर म्हणाले, एवढं पचतंय ना, मग आता दूध बदलू नका, पोरीत काही उरलेलं नाही. तिच्या मांड्यांच्या कातडीला घड्या पडल्या होत्या. मी तिला उचलली की हाताला काही लागायचंच नाही. महिनाभर ते दूध घेऊन ती जरा डोळे उघडून बघायला लागली.

आणि म्हशीचं रेडकू मेलं.

ज्वारी कापून झाली की बुडख्यांना कोवळे कोंब फुटतात. ते विषारी असतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं, पण रेडकाला कोण सांगणार? दावं तोडून ते परसामागच्या वावरात गेलं आणि दुपारपर्यंत आडवं झालं. म्हैस सारखी रेकत होती. दिवस मावळताना मामा चरवी घेऊन बसले, तर तिनं पान्हा चोरला. कास गच्च भरलेली, पण सड ओढून ओढून चरवीचा तळ काही झाकला जाईना. जेवढं निघालं तेवढं मी लेकीला पाजलं. तिनं ते घटाघटा संपवलं आणि बोंडलं चोखत राहिली. उद्या काय, हा प्रश्न तिथेच चुलीपाशी येऊन बसला.

असं झालं की काय करायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या रेडकाचं कातडं सोलायचं, त्यात भुसा भरून शिवायचं, काठ्यांचे पाय लावायचे आणि दूध काढताना ते म्हशीपुढे उभं करायचं. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. प्रश्न होता सोलायचं कुणी. आधी हे काम गावानं ज्यांच्या गळ्यात बांधलं होतं, त्यांनी बौद्ध झाल्यापासून ते सोडलं होतं. मेलेलं जनावर ओढणार नाही, सोलणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं आणि पाळलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा तापलेला. कुठे कुठे घरं जळाली होती. आमच्या गावात जळली नाहीत, पण गाव आणि बौद्धवाडा यांच्यात बोलणं बंद पडलं होतं.

माझे चुलतसासरे, मामांहून मोठे, दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मेलेलं रेडकू पाहून त्यांना दुःख झालं असेल, पण डोळ्यांत चमक वेगळीच होती. बौद्धवाड्यातल्या कुणाला तरी बोलावणं धाडायचं, नाही म्हणाला तर गावानं बघून घ्यायचं, असा त्यांचा बेत. वड्याचं तेल वांग्यावर काढायची संधी त्यांना आयती मिळाली होती, आणि ती माझ्या लेकीच्या नावानं. मी दारामागून ऐकत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला कुणाच्या मानाची पडली नव्हती. कुणीही सोला, पण दूध येऊ द्या, एवढंच डोक्यात होतं.

मामा म्हणाले, त्यांनी सोडलंय तर सोडलंय, त्यांना बोलवायचं नाही.

“मंग तू सोल,” चुलतसासरे म्हणाले.

मामांनी रेडकाकडे पाहिलं. ते म्हणाले, मला जमणार नाही.

“जमणार न्हाई, का करायचं न्हाई? आन् पायात काय घातलंयस तू? ते कातडं काय आभाळातून पडलं?”

हे बोलताना त्यांना वाटलं असेल की भावाची बोलती बंद केली.  मामांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या, कुदळ उचलली, रेडकू खांद्यावर टाकलं आणि अनवाणी वावरात गेले. आमच्यासारख्या घरातला माणूस मेलेलं जनावर खांद्यावर घेऊन गावातून चाललेला कुणी पाहिला नव्हता. बायका दारांत आल्या. चुलतसासरे थुंकून निघून गेले. मामांनी लिंबाखाली खड्डा खणून रेडकू आख्खंच्या आख्खं पुरलं. त्या वहाणा त्यांनी परत पायात घातल्या नाहीत.

मला मात्र रडू फुटलं, ते संतापाचं. मनात आलं, यांचं पुण्य झालं, पण माझ्या लेकीचं काय? रडून झालं आणि मग डोकं चालायला लागलं. कातडं नाही तर कापड का नको? पेटीत माझा एक काळा परकर होता, घरात जुनी वाकळ होती. दुपारभर बसून मी रेडकू शिवलं. चार पाय, मान, लोंबते कान, डोळ्यांच्या जागी नवऱ्याच्या जुन्या कोटाची दोन बटणं. शिवणात माझा हात चांगला. शेजारणी बघून गेल्या, म्हणाल्या, आता नुसतं रेकायचं राहिलंय. मी फुशारून गेले. कापड जुनं, कळकट, म्हशीला किळस येऊ नये म्हणून शिवण्याआधी साबण लावून धुतलंही होतं. आणि आत नवा कोरा भुसा भरला.

संध्याकाळी ते म्हशीपुढे ठेवलं. तिनं एकदा नाक लावलं, साबणाच्या वासानं फुर्रकन श्वास सोडला आणि तोंड फिरवलं. बटणांच्या डोळ्यांकडे तर तिनं बघितलंही नाही.

मामा उठले. ज्या कोपऱ्यात रेडकू बांधलेलं असायचं तिथे गेले. त्याच्या अंगाखालचं गवत, कडब्याची पानं, त्याच्या मुतानं ओली झालेली आणि वाळलेली, सगळी दोन्ही हातांनी गोळा केली. मी भरलेला भुसा काढला आणि ते गवत आत भरलं. वरूनही चोळलं. परत म्हशीपुढे ठेवलं, तशी ती एकदम गप्प झाली. आदल्या दिवसापासून ओरडत असलेली म्हैस गप्प झाली, मान खाली घातली आणि त्या परकराला चाटायला लागली. मानेवरून, पाठीवरून, शेपटीच्या जागेवरून. मामांच्या चरवीत दुधाच्या धारा वाजायला लागल्या. मी लेकीला पदराखाली घेऊन तिथेच भिंतीला टेकले. दूध मिळालं याचा आनंद होताच. पण चाटणाऱ्या त्या खरखरीत जिभेकडे बघताना अंगावर काटा आला. मीही आईच होते ना. एखाद्याच्या नुसत्या वासावर एवढी माया करता येते, हे मला माहीत नव्हतं.

आठवडाभर असं चाललं. लेकीच्या गालावर टवटवी यायला लागली. मी रोज सकाळ-संध्याकाळ रेडकू उचलून न्यायची, दूध काढून झालं की उचलून आणायची. चाटून चाटून कापड झिजलं. एका संध्याकाळी धारा काढता काढता मामांचा हात थांबला. त्यांनी मला मानेनं खुणावलं. रेडकाच्या पोटाची शिवण उसवली होती आणि आतलं गवत बाहेर आलं होतं. म्हैस ते खात होती. शांतपणे, एकेक काडी ओढून, आपल्या लेकराच्या पोटातलं गवत खात होती. आणि कासेतून दूध चालूच होतं.

मी हे आजवर अनेकांना सांगितलं. कुणी म्हणतं, जनावरच ते, त्याला काय कळतं. कुणी म्हणतं, बघा, म्हणजे तिला माया नव्हतीच. मला त्या वेळी जे वाटलं ते असं की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. हे आपलं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिला त्याचा वास हवा होता, तो आधी तिनं चाटून घेतला आणि आता पोटात घेत होती. गवत संपत गेलं तसं काळा परकर चपटा होत गेला, आणि शेवटी जमिनीवर नुसतं कापड राहिलं, दोन बटणं लावलेलं. तिनं त्याला नाक लावलं आणि मान वर केली. दूध तिथेच थांबलं.

मी लगेच कापड उचललं. म्हटलं, सकाळपर्यंत परत शिवते, कोपऱ्यात थोडं गवत अजून असेल.

“न्हाई,” मामा म्हणाले. “आता न्हाई फशिवायचं. तिला कळलंय, सूनबाई. कळून बी देत होती.”

माझा तोल गेला. सुनेनं सासऱ्याला बोलू नये ते सगळं मी बोलले. तुम्हाला मुक्या जनावराची लाज वाटते आणि नातीची वाटत नाही, असं म्हटलं. रेडकू सोलायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, आता कापडही शिवायचं नाही, मग पोरीला काय तुमची दया पाजू, असं म्हटलं. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. त्यानं मला आणखीच संताप आला. मी आत जाऊन पावडरचं दूध कालवलं. लेकीनं दोन घोट घेतले आणि सगळं माझ्या अंगावर उलटलं. पुन्हा तोच बसका आवाज, तेच पाय पोटाशी घेणं.

सकाळी उजाडल्यावर मामा दाराशी आले. दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, “आण तिला हिकडं.”

मला वाटलं, डॉक्टरकडे न्यायचं म्हणतायत. लेकीला दुपट्यात गुंडाळून दिली. ते तिला घेऊन गोठ्याकडे वळले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी धावले, पण पायांत ताकद कुठे होती? पोचेपर्यंत मामांनी गव्हाणीत कडबा सारखा करून लेकीला त्यावर ठेवलं होतं, कापडाचं रेडकू ठेवायचो त्या जागी. दुपटं उलगडलं होतं. ती भुकेनं रडत होती, मुठी हवेत. तिच्या डोक्यावर म्हशीची ती भली मोठी शिंगं. मी ओरडणार होते. मामांनी मानेनंच मला थांबवलं. एक हात त्यांनी लेकीच्या छातीवर ठेवला होता, दुसऱ्या हातात म्हशीची वेसण.

मग ते म्हशीशी बोलले. एरवी चुचकारायचे तसं नाही. दारात आलेल्या शेजारणीशी बोलावं तसं, साध्या आवाजात.

“तुजं गेलं. ते माज्या वावरात हाय, लिंबाखाली. ही आमची, उपाशी हाय. द्यायचं आसंल तर दे, न्हाई तर माजं काई म्हणणं न्हाई.”

म्हशीनं मान खाली आणली. लेकीच्या पोटाला नाक लावलं. तिच्या नाकातली ऊन वाफ पोरीच्या अंगावर आली तशी पोर रडायची थांबली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, हे मी शपथेवर सांगते. लेकीनं मूठ उघडून म्हशीच्या नाकपुडीवर ठेवली. म्हशीनं जीभ काढली आणि तिच्या टाळूवरून एकदा, अगदी हळू फिरवली. जावळ ओलं होऊन उभं राहिलं. मग कपाळ चाटलं, मग गाल. मामांनी वेसण सोडून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “चरवी घे.”

मी आयुष्यात पहिल्यांदा धार काढायला बसले. चरवी गुडघ्यांत धरली. सडाला हात लावला, आणि ओढायच्याही आधी दूध आलं.

पुढे कधी तरी परभणीच्या गुरांच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते भले गृहस्थ, म्हणाले, जनावराला वेळेची सवय असते, चरवीच्या आवाजाची असते, मुलाच्या अंगावरच्या घामाचं मीठ चाटायला आवडतं, कास भरली की पान्हा फुटतोच. ते म्हणाले ते खरं असेल. मी काही त्यातलं शिकलेली नाही. पण त्या गोठ्यात मी होते. माझ्या कपाळाला तिच्या पोटाची ऊब लागत होती, आत तिचा श्वास वर-खाली होत होता, चरवी भरत होती, आणि मला वाटलं, मी कुठल्या तरी फार मोठ्या ठिकाणी बसले आहे, जिथे बसायची माझी लायकी नाही. देवळात मला असं कधी वाटलेलं नाही.

लेक पोटभर प्याली आणि झोपली. उकळलेलं दूध बरंच उरलं. मामांनी ते पेल्यात ओतलं, त्यावर साय धरायला लागली होती. माझ्यापुढे धरून म्हणाले, तू बी घे, अंगात काई ऱ्हायलं न्हाई तुज्या. मी अशक्त होते, मला भूक होती आणि सायीचा वास येत होता. मी पेला हातात घेतला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

“का?” त्यांनी विचारलं.

“मामा, माज्या पोरीच्या जागी कुणी दुसऱ्याचं लेकरू आणून ठिवलं आसतं, तर म्या दिलं नसतं.”

मामांनी पेल्याकडे पाहिलं. रोज तांब्याभर पिणारा माणूस, त्यांनी तो उचलला नाही. बाहेर म्हैस कडबा खात होती, त्याचा करकर आवाज येत होता.

“पोर भाकरीला लागली की म्हशीला हळूहळू आटवू,” ते म्हणाले. “तवर पोरीपुरतंच काढू.”